काही नाही

फेरीतून उतरताच मोटरसायकलवाल्यानं विचारलं,
किती दिवस?
तीन, मी म्हणाले.
गावं पाच, ज्वालामुखी सात,
तीन दिवसांत काय होणार, ताई?
ताई नव्हता म्हणाला तो, मॅम म्हणाला होता;
मी आपलं मनात बदलून घेतलं.

त्याचं नाव एल्पिडियो.
हँडलला लान्झोनेसची पिशवी, भुरकट सालीची फळं,
एक सोललं की चीक बोटांना धरून बसतो.
बी चावू नका, म्हणाला.
मी चावली. कडूजहर.

आधी पाण्यातली दफनभूमी.
अठराशे एकाहत्तरात डोंगर फुटला
आणि कामिगिनचा एक कोपरा, मेलेल्यांसकट,
समुद्रात उतरला.
आता वर मोठा पांढरा क्रूस,
आणि खाली, मास्क लावून बघावं तर
थडगं कुठलं अन् प्रवाळ कुठलं
हे माशांनाही सांगता येत नसावं.
नावाड्याच्या पणजीची आजी खाली आहे.
कुठेशी? मी विचारलं.
त्यानं वल्हं फिरवून सगळाच समुद्र दाखवला.
नोव्हेंबरात मेणबत्ती लावायला येतो,
वारा असला की काडेपेटी संपते,
मग नुसतं नाव घेतो.
नाव भिजत नाही, म्हणाला.

मग पांढऱ्या वाळूचं बेट. बेट कसलं,
भरतीच्या मर्जीवर ठेवलेली एक ओळ.
काल कोयरीसारखं होतं म्हणे, आज विळ्यासारखं.
छत्रीखाली एक बाई काटेरी सागरगोळे फोडून,
वर लिंबू पिळून, चमच्यासकट हातात देत होती.
तिच्या पाठीमागे अख्खा हिबोक-हिबोक,
डोकं ढगात.
नाव असं की तान्ह्याला उचकी लागावी,
आणि एक्कावन्नच्या डिसेंबरात
एका सकाळीत त्यानं शेकडो माणसं नेली.

हे सांगितलं मानांग सबीनानं,
गरम झऱ्याशी, सुनेच्या तिकीट-खिडकीत बसून.
तेव्हा ती सहा वर्षांची.
राख कशी होती?
पिठासारखी, ती म्हणाली,
पण गरम. आणि कुणी चाळलेली नव्हती.
मग माझे सुटे पैसे दोनदा मोजले,
तरी पाच पेसो कमीच दिले.

रात्री त्या झऱ्यात घरंच्या घरं उतरलेली.
काठावर भाताचे डबे, तळलेले मासे,
कुणी कॅराओकेत गळा काढलेला.
ज्या विस्तवानं गाव भाजलं
त्याच्याच चुलीवर तापलेलं पाणी
हनुवटीपर्यंत घेऊन पोरं खिदळत होती.
मीही बसले. गुडघा दुखायचा थांबला.
खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी धबधबा बघायचा होता, राहिला.
पाऊस आला आणि एल्पिडियोनं मला
भावाच्या कचेरीत आडोशाला नेलं.
रेनांते, वेधशाळेत कामाला.
एक सुई कागदावर सरळ रेघ ओढत होती
आणि शेजारी नोंदवही:
सोमवार, काही नाही.
मंगळवार, काही नाही.
मागची पानं चाळली, तीच अक्षरं,
फक्त शाई बदललेली.
कंटाळा नाही येत?
त्यानं मला असं बघितलं
जसं आई बघते, झोपलेल्या पोराला उठवू का
असं विचारणाऱ्या पाहुण्याकडे.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले,
आमच्याकडचे डोंगरही असेच वाहत आले होते,
साडेसहा कोटी वर्षांपूर्वी.
त्याच काळ्या दगडाच्या पाट्यावर आम्ही चटणी वाटतो.
लसूण, खोबरं, सुकी मिरची.

रेनांतेनं पेन खाली ठेवलं.
म्हणजे, थंड झाला?
हो.
आणि नोंद कोण ठेवतं?

मला उत्तर सुचलं नाही.
बाहेर पाऊस पत्र्यावर, आत सुई सरळ.
त्यानं घड्याळ बघितलं, तारीख घातली,
आणि सावकाश, जोडाक्षर नसलेल्या त्याच्या भाषेत,
आजचंही लिहिलं.

फेरीत बसल्यावर बोटं हुंगली.
चीक अजून तसाच.